वरातीमागून येणारे ब्रेक

टर्बो इंजिनाची गाडी घेतल्यावर तिच्यात पहिला बदल कोणता करावा, या प्रश्नाला यवतमाळपासून पुसद-वणीपर्यंतच्या हौशी गाडीमालकांत, आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांतही, आता एकच उत्तर रूढ झाले आहे. आधी ताकद वाढवावी, बाकीचे सावकाश पाहता येईल, असे ते उत्तर आहे. इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकातील, म्हणजे ईसीयूमधील, आज्ञावली बदलून घ्यायची (यालाच बोलण्यात रीमॅप किंवा ‘स्टेज वन’ म्हणतात), मग टर्बोच्या मागचा रुंद डाउनपाइप आणि मोकळा सायलेन्सर बसवायचा, खिसा साथ देत असेल तर मोठा टर्बो, आणि या सगळ्यातून काही उरलेच तर टायर व ब्रेक, असा हा क्रम आहे. तो इतक्या ठामपणे सांगितला जातो की त्याविषयी शंका काढणारा माणूस ‘ॲव्हरेज किती देते’ असे विचारणाऱ्या काकांच्या पंक्तीत बसवला जातो. काकांचा प्रश्न निदान स्वतःच्या खिशापुरता असतो; हा क्रम मात्र रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशीही खेळतो, आणि म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण जोमात मांडले पाहिजे. ते असे की, कंपनी इंजिनात ताकद मुद्दाम दडवून ठेवते. त्याच घडणीचे इंजिन एका गाडीत कमी आणि दुसऱ्या, महागड्या गाडीत जास्त अश्वशक्ती देते, याचा अर्थ ग्राहकाने पैसे मोजलेली वस्तूच त्याला पूर्ण मिळत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनातून दहा घोडे जास्त काढायचे तर कॅमशाफ्टपासून हेडपर्यंत सारे उघडावे लागते, आणि टर्बो इंजिनात तेच काम लॅपटॉप जोडून एका दुपारी होते. रुपयामागे सर्वांत जास्त फळ देणारी गोष्ट हीच असेल तर ती आधी का करू नये? ब्रेक तर कंपनीने दिलेलेच आहेत, एबीएसही आहे, आणि स्टेज वन हजारो जणांनी केलेले आहे, त्यांच्या गाड्या चालतच आहेत. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. तो जमिनीवर उतरवून, आणि तीही यवतमाळची जमीन, पाहिला की त्याचा एकेक खांब निखळू लागतो.

पहिला खांब दडवलेल्या ताकदीचा. टर्बोचे काम सोपे आहे: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, आणि जास्त हवेबरोबर जास्त इंधन जाळायचे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून आजतागायत या यंत्राचा मुख्य शत्रू एकच राहिला आहे, तो म्हणजे उष्णता. हवा दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा विरळ असते, म्हणजे जी गोष्ट वाढवायला टर्बो बसवला तीच गोष्ट टर्बो स्वतः थोडी कमी करत जातो. म्हणून दाबलेली हवा सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी इंटरकूलर नावाच्या जाळीतून नेऊन थंड केली जाते. या साखळीतील प्रत्येक कडी किती ताण सोसेल याचा हिशेब करून कंपनी काही शिल्लक राखून ठेवते. ज्या वस्तूला हौशी मंडळी दडवलेली ताकद म्हणतात ती वस्तू ही शिल्लक असते. ती कोणासाठी ठेवलेली असते? हलक्या प्रतीचे पेट्रोल भरणाऱ्या, सर्व्हिसिंगला उशीर करणाऱ्या, चार माणसे आणि सामान घालून एसी लावून भर उन्हात गाडी हाणणाऱ्या ग्राहकासाठी. म्हणजे ही शिल्लक ज्याच्या नावाने बाजूला काढली आहे तो ग्राहक मे महिन्यातला यवतमाळकरच आहे, आणि नेमका तोच ती आधी उचलून खायला निघाला आहे.

हा हिशेब जरा जवळून पाहण्यासारखा आहे. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांना टेकतो हे कोणाला सांगायला नको. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने तिथल्या हवेचा दाब मुळातच किनारपट्टीपेक्षा पाचेक टक्क्यांनी कमी असतो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा आणखी सहा टक्क्यांनी विरळ असते. दोन्ही मिळून इंजिनाच्या तोंडाशी येणारी हवा किनाऱ्यावरच्या सौम्य दिवसापेक्षा दहा-अकरा टक्क्यांनी कमी भरते, आणि ही तूट भरून काढण्यासाठी टर्बोला आधीच जास्त वेगाने फिरावे लागते. आता हवेचा दाब दुप्पट करायचा आहे आणि टर्बोचा दाबयंत्राचा भाग सत्तर टक्के कार्यक्षम आहे असे धरले तर २० अंशांची हवा त्यातून बाहेर पडताना सुमारे ११० अंशांची होते. ४५ अंशांची हवा १४५ अंशांपर्यंत जाते. इंटरकूलर मधली सत्तर टक्के उष्णता काढून घेतो असे मानले तरी पहिल्या ठिकाणी सिलिंडरला पन्नास अंशांच्या आतली हवा मिळते आणि दुसऱ्या ठिकाणी ७५ अंशांची. गाडी तीच, इंटरकूलर तोच, दाबही तोच; फरक फक्त गावाचा आणि ऋतूचा. आणि हे गाडी धावत असतानाचे गणित झाले. बसस्थानक चौकात दहा मिनिटे गर्दीत अडकल्यावर बॉनेटखाली साठलेल्या उष्णतेने ते आणखी बिघडते.

ही तापलेली हवा नुसती ताकद खात नाही. ठिणगी पडण्याच्या सुमारास सिलिंडरमधले मिश्रण आधीच फार तापलेले असेल तर ज्योत सगळीकडे शांतपणे पसरण्याआधी कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप भडकते. याला नॉकिंग म्हणतात, आणि जोरात झाले तर ते पिस्टनवर घणासारखे बसते. आधुनिक इंजिनात हे ओळखणारा सेन्सर असतो, आणि नॉकिंगची चाहूल लागताच ईसीयू ठिणगी उशिरा पाडू लागतो. इंजिन वाचते, पण ठिणगी जितकी मागे जाते तितकी ताकदही जाते, आणि न वापरली गेलेली उष्णता बाहेर पडणाऱ्या वायूंबरोबर थेट टर्बोवर जाऊन पडते. म्हणजे जानेवारीच्या सकाळी रीमॅपने दिलेले वीस-पंचवीस घोडे मे महिन्याच्या दुपारी ईसीयू स्वतःच परत घेतो, आणि वर टर्बोला ताप चढवतो. ज्या बदलाने वर्षातील चार महिने आपले वचन पाळायचे नाही, तो ‘रुपयाला सर्वांत जास्त फळ’ देणारा कसा ठरतो? की फळ मोजायचे ते फक्त थंडीत, अशी काही अट आहे?

टर्बोचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत १९६२ मध्ये विक्रीस आलेली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो बसवून बाजारात आलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. तिच्या निर्मात्यांना नॉकिंगची इतकी धास्ती होती की पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची वेगळी सोय तिच्यात करावी लागली, आणि मालक ते मिश्रण वेळेवर भरीनात म्हणून ती सोयच गाडीच्या मुळावर आली. फॉर्म्युला वन शर्यतींत १९७७ मध्ये टर्बो घेऊन उतरलेली रेनोची गाडी इतक्या वेळा धूर सोडत थांबली की प्रतिस्पर्ध्यांनी तिला पिवळी किटली असे नाव ठेवले. ताकद पहिल्या दिवसापासून होती. १९७९ मध्ये दिजाँ येथे पहिला विजय मिळेपर्यंतची दोन वर्षे गेली ती ही ताकद टिकवण्यात. ज्यांच्याकडे संपूर्ण कारखाना होता त्यांचा हा अनुभव, आणि इथे ज्याच्याकडे एक लॅपटॉप आहे तो म्हणतो काही होत नाही.

‘काही होत नाही’ हा दुसरा खांब. छोट्या, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर एकदम पिकअप मागितला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा एक वेगळा आजार असतो, ज्यात एका फटक्यात पिस्टनचा तुकडा उडू शकतो. हा धोका इतका खरा आहे की इंजिन ऑइलच्या एपीआय मानकांत त्यासाठी वेगळी चाचणी आणावी लागली, आणि २०२० पासूनच्या ‘एसपी’ प्रतीत ती समाविष्ट आहे. आता रीमॅपचे सर्वांत मोठे आकर्षण काय, तर खालच्या फेऱ्यांवर मिळणारी वाढीव ओढ, म्हणजे नेमका हाच धोक्याचा पट्टा. असे असता रीमॅप करायला निघालेल्या मालकांपैकी किती जण आधी डबा उलटा करून ऑइलची प्रत वाचतात? स्पार्क प्लग केव्हा बदलले, कूलंट कधीचे आहे, इंटरकूलरच्या नळ्या कुठे फुंकतात का, हे किती जण पाहतात? फोक्सवॅगन-स्कोडाच्या छोट्या टीएसआय इंजिनांत तर इंटरकूलर पाण्याने थंड होणारा असतो. तिथे पुढे मोठी जाळी लावून भागत नाही. त्या पाण्याचा पंप आणि त्याचा छोटा रेडिएटर धडधाकट आहे की नाही, हाच पहिला प्रश्न असतो, आणि तो विचारायला एक पैसाही लागत नाही.

गिअरबॉक्सची कथा याहून बोलकी आहे. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हिया यांचे १.५ लिटरचे टर्बो इंजिन १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. टॉर्क म्हणजे दांडा पिळण्याची ताकद. या इंजिनाबरोबर येणाऱ्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची सोसण्याची मर्यादा कंपनीनेच ठरवली आहे, आणि तीही २५० न्यूटन-मीटरच आहे. कारखान्यातून निघतानाच माप काठोकाठ भरलेले आहे. यावर पन्नास-साठ न्यूटन-मीटर ओतण्याला ‘दडवलेली ताकद मोकळी करणे’ असे म्हणायचे असेल तर मग सांडणे कशाला म्हणायचे? मजा अशी की क्लच जळाला की दोष कंपनीच्या गिअरबॉक्सला दिला जातो, रीमॅपचे नावही निघत नाही, आणि वॉरंटीच्या टेबलावर जाण्याआधी ईसीयू गुपचूप मूळ पदावर आणला जातो.

याच ओघात इंधनाचाही विचार केला पाहिजे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आणले ते निवडक मोठ्या शहरांत. उंच ऑक्टेन गृहीत धरून पुण्या-मुंबईत बांधलेली आज्ञावली घेऊन घाटंजीच्या किंवा झरी जामणीच्या पंपावर उभे राहायचे, याला धाडस म्हणता येईल, पण नियोजन म्हणता येणार नाही. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन वाढते हे खरे, आणि प्रतिपक्ष ते आनंदाने सांगतो. पण इथेनॉलला पूर्ण जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन फवारावे लागते, आणि इंजेक्टर व पंप यांच्यावर आधीच वाढलेला हा भार रीमॅप करणाऱ्याने हिशेबात धरला आहे की नाही, हे विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

तिसरा खांब रुपयामागे घोड्यांचा, आणि खरा राग येतो तो इथे. ११० अश्वशक्तीच्या पोलोचे १३५-१४० घोडे झाले असे सांगितले जाते. झाले असे धरून चालू. या जादा घोड्यांनी काय केले, तर गाडी तोच वेग काही सेकंद आधी गाठू लागली. गाडी थांबवण्याच्या बाबतीत त्यांनी काडीचीही मदत केली नाही. वेगाची ऊर्जा वर्गाने वाढते. ताशी ८० चे १२० किलोमीटर झाले की वेग दीडपट होतो, पण ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. चांगल्या, मऊ रबराच्या टायरवर कोरड्या रस्त्यात १२० च्या वेगातील गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ७१ मीटरमध्ये थांबते. कडक झालेल्या, पकड एक चतुर्थांशाने गेलेल्या टायरवर तिला ९४ मीटर लागतात. फरक २३ मीटरचा, म्हणजे दोन एसटी गाड्यांच्या लांबीचा. पण याहून भयंकर बाब ही की, पहिली गाडी ज्या जागी उभी राहिलेली असते त्याच जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने जात असते. ती जागा रिकामी असेल तर ठीक. यवतमाळ-पांढरकवडा रस्त्यावर रात्री ती जागा कोणाची असते? रोह्याची असते, रानडुकराच्या कळपाची असते, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची किंवा बैलगाडीची असते.

एबीएस आहे ना, हे इथले ठरलेले उत्तर. एबीएस चाक अडकू देत नाही आणि वळण्याची मुभा ठेवते. टायरमध्ये नसलेली पकड ते निर्माण करत नाही. गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार तळहातांएवढ्या रबरातून, आणि ते रबर यवतमाळच्या उन्हात उभ्या-उभ्याही म्हातारे होते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हा आकडा आपल्या चारही चाकांवर काय आहे हे न पाहता जो मालक आपल्या रीमॅपचा आलेख मोबाइलमध्ये घेऊन फिरतो, त्याला गाडीची आवड आहे की आकड्यांची, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायला हरकत नाही. धामणगावकडून किंवा वर्ध्याकडून समृद्धी महामार्गावर चढले की तासन्‌तास १२० च्या वेगात काँक्रीटवर टायर तापत जातो. तिथे नव्वद हजार रुपयांचा सायलेन्सर आणि सहा वर्षांचे टायर ही जोडी घेऊन जाणे म्हणजे हौस नव्हे.

ब्रेक ऑइलबद्दल तर बोलणेच कोणी ऐकत नाही, कारण ते दिसत नाही आणि त्याचा आवाजही येत नाही. हे द्रव हवेतली ओल शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीचे कोरडे, नवे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. लागोपाठ जोरात ब्रेक मारले की कॅलिपरजवळ हे तापमान सहज येते, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते पण दाब पुढे जात नाही, आणि पेडल थेट तळाला जाऊन बसते. दोन पावसाळे पाहिलेले ऑइल बदलायला जो खर्च येतो तो रीमॅपच्या खर्चाचा एक किरकोळ अंश आहे. त्याने एकही घोडा मिळत नाही. म्हणून रुपयाला घोडे मोजणाऱ्यांच्या तक्त्यात त्याची किंमत शून्य भरते, आणि जो तक्ता या वस्तूला शून्य ठरवतो तो तक्ताच फाडून टाकला पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतील दहापैकी सात मृत्यूंच्या मागे अतिवेग होता. गाडीत ताकद कमी पडल्याने किती मेले, असा रकाना त्या अहवालात नाही.

यावर असे म्हटले जाईल की हे सगळे सुरक्षेचे पाठ झाले, वेगवान गाडी बनवणाऱ्यांचे शास्त्र वेगळे असते. तर मग त्यांचेच शास्त्र पाहू. पोर्शने १९७८ मध्ये ९११ टर्बोची ताकद २६० वरून ३०० अश्वशक्तीवर नेली, आणि त्याच खेपेस तिला इंटरकूलर आणि ९१७ या आपल्या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले ब्रेक दिले. ब्रेक पुढच्या वर्षी पाहू, असे स्टुटगार्टमध्ये कोणी म्हणाले नाही. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो निघाली तेव्हा साध्या पुंटोच्या मागच्या ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक आले आणि सस्पेन्शनही बदलले. आणि सर्वांत मार्मिक उदाहरण ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनचे: २०२१ मध्ये ही ‘स्पोर्ट’ आवृत्ती आली ती साध्या टर्बो आय-२० मधलेच १२० अश्वशक्तीचे इंजिन घेऊन. एकही घोडा वाढवला नाही. वाढवले काय, तर मागे डिस्क ब्रेक, कडक सस्पेन्शन, आणि हो, सायलेन्सरचा आवाज. आवाजाची भूक कंपनीलाही कळते, तेवढे प्रतिपक्षाच्या पदरात टाकायला हरकत नाही.

गाडीला खाली बसवण्याच्या वेडाबद्दल आणि उघड्या शंकूच्या एअर फिल्टरबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांचा प्रतिवाद यवतमाळचा रस्ताच करतो. इथली काळी कपाशीची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. अशा लाटेवर आखूड स्प्रिंग लावलेली गाडी चाक जमिनीवर टेकवून ठेवण्याऐवजी उडवते, आणि हवेतल्या चाकाला ना पकड असते ना ब्रेक. इथे हवा असतो तो चांगला शॉकअप, मूळ उंचीवर. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, म्हणजे इंटरकूलरचे काम वाढवतो; आणि वणी भागातील कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर तो आणखी काय ओढतो हे पाहायचे असेल तर त्या रस्त्यावरून येऊन बॉनेटवर बोट फिरवावे. मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेणाऱ्या चक्राच्या पात्यांवर हीच भुकटी आदळत असते. फिल्टरच्या त्या ‘सूंऽऽ’ आवाजासाठी मोजलेली ही किंमत आहे.

कायद्याचा मुद्दा उगाच लांबवण्यासारखा नाही, पण तो टाळताही येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कोणी पकडत नाही, हे उत्तर ठरलेले असते; महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांच्या मालकांनीही ते दिलेले असणार. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. मूळ मापाचे उत्तम टायर, चांगल्या प्रतीचे पॅड, ताजे ब्रेक ऑइल, योग्य प्रतीचे इंजिन ऑइल, सुस्थितीतला कूलंटचा मार्ग, नवे शॉकअप, यांतल्या एकाही गोष्टीसाठी आरसी बुकाला धक्का लागत नाही आणि विमा कंपनीला दावा नाकारायला निमित्त मिळत नाही. प्रतिपक्षाच्या यादीतील पहिल्या तिन्ही गोष्टी मात्र नेमक्या तिथेच अडकतात.

उरतो ‘माझ्या गाडीला काही झाले नाही’ हा शेवटचा खांब, आणि तो खांबही नाही, निव्वळ योगायोगाचे प्रमाणपत्र आहे. ज्याचे इंजिन उघडावे लागले तो त्याचा गाजावाजा करत नाही, गाडी विकून मोकळा होतो. ज्याचे वाचले तो चौकात बसून सल्ले देतो. एकाच बाजूचे साक्षीदार बोलावून लागलेल्या निकालाला पुरावा म्हणत नाहीत. शिवाय टर्बोच्या बेअरिंगची झीज, पिस्टनच्या कडेवरचे चरे आणि क्लचचे पातळ होत जाणे या गोष्टी एका दिवसात दिसत नाहीत, त्या पुढच्या मालकाच्या नशिबात लिहिलेल्या असतात.

‘बाकीचे नंतर करू’ या वचनाचे काय होते हेही एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. ते नंतर कधी येत नाही. स्टेज वनची चटक लागली की महिन्या-दोन महिन्यांत ते कमी वाटू लागते, जमवलेले पैसे डाउनपाइपला जातात, मग त्याला साजेशी दुसरी आज्ञावली, मग तिला झेपेल असा क्लच, आणि टायर-ब्रेक दर वेळी रांगेत एक पाऊल मागे सरकतात. त्यांचा नंबर लागतो तो गाडी शेतात किंवा दुभाजकावर गेल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडे यावे तसा. हा दोष एखाद्या मालकाच्या स्वभावाचा नाही. ज्या क्रमात आनंद आधी आणि जबाबदारी नंतर ठेवली आहे त्या क्रमाचाच तो स्वभाव आहे. गाडीला हातच लावू नये, कंपनीने दिले तेच सर्वोत्तम, असे म्हणणारा दुसरा पंथही आहे, पण तोही फार गांभीर्याने घेण्यासारखा नाही: कंपनी खर्चाचा मेळ घालून सगळ्या देशासाठी एक गाडी बनवते, आणि सगळा देश यवतमाळ नाही. बदल जरूर करावेत. प्रश्न आरंभ कुठून करायचा याचा आहे.

तेव्हा टर्बो गाडीचा यवतमाळातील क्रम असा असला पाहिजे, आणि त्यात सवलत नाही. आधी गाडी निरोगी करावी: ऑइल, प्लग, कूलंट, गळणाऱ्या नळ्या. मग चार नवे टायर. मग ब्रेक ऑइल आणि पॅड. मग काळ्या मातीच्या लाटांवर चाक टेकवून ठेवणारे शॉकअप. मग उष्णतेचा बंदोबस्त, इंटरकूलर आणि त्याचा मार्ग. हे पाचही टप्पे पार पडल्यावर कोणाला ताकद हवी असेल तर त्याने ट्यूनरकडून एकच वस्तू मागावी. डिसेंबरच्या सकाळी एसी हॉलमध्ये रोलरवर काढलेला चढता आलेख तिथे उपयोगाचा नाही. मे महिन्यात दुपारी तीन वाजता, एसी लावून, चार माणसे बसवून, यवतमाळ ते पांढरकवडा रस्त्यावर त्याच गाडीचा काढलेला लॉग हवा, ज्यात सिलिंडरला मिळालेल्या हवेचे तापमान आणि ईसीयूने ठिणगी किती अंश मागे खेचली, हे दोन्ही रकाने भरलेले असतील. असा लॉग ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे निःशंकपणे टायरवाल्याकडे न्यावेत.